ईथर हरवलेले ईथरनेट

शाळेच्या संगणक कक्षात, बहुधा टेबलाखाली किंवा कपाटावर, एक चपटी पेटी ठेवलेली असते. तिच्या दर्शनी बाजूला आठ, सोळा किंवा चोवीस भोके, प्रत्येकात एक निळी किंवा करडी वायर आणि वर लुकलुकणारे हिरवे दिवे. विद्यार्थी तिला ‘नेटचा डबा’ म्हणतात. नेट बंद पडले की तिचे बटण एकदा बंद करून पुन्हा चालू केले जाते. एरवी तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तिचे खरे नाव ईथरनेट स्विच. ‘स्विच ही योग्य त्या संगणकालाच माहिती पोचवणारी पेटी आहे’ अशा अर्थाच्या एका वाक्यात आपण वर्गात हा विषय उरकतो. पण योग्य संगणक कोणता, हे त्या पेटीला कोण सांगते? कोणीच सांगत नाही. ती विकत आणली, वायरी खोचल्या, वीज दिली की चालू होते. हे कसे घडते हे समजून घ्यायचे तर सुरुवात थेट पॅसिफिक महासागरातून करावी लागते.

हवाई विद्यापीठाची केंद्रे निरनिराळ्या बेटांवर विखुरलेली होती. होनोलुलूच्या मुख्य संगणकाशी त्यांना टेलिफोनच्या तारांनी जोडणे महाग आणि बेभरवशाचे होते. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी रेडिओलहरी वापरायचे ठरवले आणि १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ सुरू झाले. सर्व केंद्रांनी एकाच कंप्रतेवर संदेश पाठवायचे होते. पाळी कशी ठरवायची? अब्रॅमसन यांचे उत्तर विलक्षण सोपे होते: पाळी ठरवायचीच नाही. ज्याला पाठवायचे त्याने पाठवावे. दोन संदेश एकाच वेळी निघाले तर ते एकमेकांत मिसळून वाया जातील, पोच मिळणार नाही. मग प्रत्येकाने काही यादृच्छिक वेळ थांबून पुन्हा पाठवावे. साधेपणाची किंमतही होती. गणित मांडले तर दिसते की अशा व्यवस्थेत वाहिनीच्या क्षमतेपैकी फार तर १८ टक्के उपयोगी पडते. सर्वांनी घड्याळाच्या ठरावीक ठोक्यालाच बोलावे अशी सुधारणा केली, तर हा आकडा दुप्पट होऊन सुमारे ३७ टक्क्यांवर जातो. हा ३७ टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवावा; तो पुढे भलत्याच ठिकाणी भेटणार आहे.

हार्वर्डमध्ये डॉक्टरेट करणाऱ्या रॉबर्ट मेटकाफ यांनी आपल्या प्रबंधात अलोहाच्या गणिताचा अभ्यास केला होता. ते त्या वेळी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात काम करत होते. तिथे ‘आल्टो’ नावाचे, प्रत्येकाच्या टेबलावर एक असे संगणक तयार होत होते आणि ते सारे एका लेझर प्रिंटरला जोडायचे होते. २२ मे १९७३ रोजी मेटकाफ यांनी एका अंतर्गत टिपणात आपली योजना मांडली. हवाईत जे काम आकाशाने केले ते इथे एका केबलीने करायचे. इमारतीतून एकच जाड केबल फिरवायची, सर्व संगणक तिला जोडायचे, कोणी एकाने बोललेले सर्वांना ऐकू जाईल. या सर्वव्यापी आणि स्वतः काहीही न करणाऱ्या माध्यमाला त्यांनी ‘ईथर’ म्हटले. प्रकाशलहरींना वाहून नेणारा म्हणून एकोणिसाव्या शतकातील भौतिकशास्त्राने कल्पिलेला, आणि १८८७ मध्ये मायकेल्सन व मोर्ले यांच्या प्रयोगात न सापडलेला तो हा ईथर. डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने मेटकाफ यांनी ही योजना प्रत्यक्षात आणली. पहिल्या ईथरनेटचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट असा विचित्र होता. आल्टोच्या घड्याळाचा ठोका १७० नॅनोसेकंदांचा होता, दोन ठोक्यांना एक बिट पाठवायचा, म्हणून हा आकडा आला. वेगळे घड्याळ लावायचा खर्च वाचला, इतकेच.

केबल हवेपेक्षा एका बाबतीत सोयीची आहे: बोलताबोलता ऐकताही येते. म्हणून मेटकाफ यांनी अलोहाला तीन नियमांची जोड दिली. आधी ऐका, केबलीवर शांतता असेल तरच बोला. बोलत असतानाही ऐकत राहा, टक्कर झाली तर लगेच थांबा. आणि पुन्हा बोलण्यापूर्वी किती थांबायचे ते नशिबावर सोडा, पण जितक्या वेळा टक्कर होईल तितकी थांबण्याची संभाव्य मर्यादा दुप्पट करत न्या.

तिसरा नियम वर्गात करून पाहण्याजोगा आहे. दोन विद्यार्थ्यांना उभे करावे. दोघे एकदम बोलले की प्रत्येकाने नाणे उडवावे: छाप पडला तर लगेच बोलायचे, काटा पडला तर एक टाळी थांबायचे. पुन्हा एकदम बोलण्याची शक्यता १/२. तसे झालेच तर पुढच्या वेळी दोन नाणी, म्हणजे चार पर्याय, आणि टक्करीची शक्यता १/४, मग १/८. दोघांच्या जागी दहा विद्यार्थी उभे करावेत म्हणजे नियम किती हुशार आहे हे कळेल. गर्दी किती आहे हे कोणालाच ठाऊक नसते, पण टक्करींची संख्याच तिचा अंदाज देते. ईथरनेटमध्ये हे दुप्पट होणे दहा वेळा चालते आणि सोळाव्या प्रयत्नानंतर यंत्र नाद सोडते.

दुसऱ्या नियमातून एक सुंदर गणित निघते. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या ईथरनेटचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात दोन संगणकांमधील अंतर फार तर अडीच किलोमीटर असावे असे ठरले. आता, केबलीच्या एका टोकाच्या संगणकाने बोलायला सुरुवात केली आणि त्याचा संकेत दुसऱ्या टोकाला पोचण्याच्या अगदी आधी तिथला संगणकही बोलू लागला, तर टक्करीची बातमी पहिल्याकडे परत यायला जाण्या-येण्याचा दुप्पट वेळ लागतो. तोपर्यंत पहिल्याचे बोलणे संपून गेले असेल तर टक्कर झाल्याचे त्याला कळणारच नाही. जाड केबलीतून संकेत सेकंदाला सुमारे २,३०,००० किलोमीटर जातो, म्हणजे पाच किलोमीटरच्या फेरीला सुमारे २२ मायक्रोसेकंद लागतात. मधल्या उपकरणांचा विलंब आणि सुरक्षित अंतर धरून हा काळ ५१.२ मायक्रोसेकंद ठरवला गेला. १० मेगाबिट वेगाने तेवढ्या वेळात ५१२ बिट, म्हणजे ६४ बाइट जातात. म्हणून ईथरनेटवरील माहितीचा कोणताही तुकडा, ज्याला फ्रेम म्हणतात, ६४ बाइटपेक्षा लहान असू शकत नाही. आज टक्करी उरलेल्या नाहीत, तरी हा नियम माणसाच्या माकडहाडासारखा अजून शिल्लक आहे.

एका केबलीचे राज्य कसे असते हे आम्ही थोडेसे अनुभवले आहे. आम्ही पदव्युत्तर शिक्षण घेत होतो तेव्हा, २००० च्या सुमारास, प्रयोगशाळेत जुनी बारीक केबल अजून वापरात होती. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे माळेसारखी जाणारी, दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपी घातलेली. ही टोपी काढली की संकेत टोकावरून परावर्तित होऊन परत येत आणि सर्व संगणकांना टक्करच टक्कर दिसे. झाडलोट करताना कोणाचा तरी पाय एका जोडाला लागला की बारा संगणक मुके होत आणि नेमका कोणता जोड सुटला हे शोधण्यात आमची दुपार जाई. दुसरी गोष्ट त्या वयात आम्हाला गमतीची वाटली होती, आज वाटत नाही: केबलीवरचे सगळे सगळ्यांपर्यंत पोचत असल्याने एक छोटा प्रोग्राम चालवला की शेजाऱ्याचा पासवर्ड पडद्यावर वाचता येत असे.

तरीही ईथरनेटवर एक अन्याय झाला आहे. ते ३७ टक्क्यांच्या वर भार सोसत नाही, असे अनेक वर्षे लिहिले गेले. हा आकडा अलोहाचा आहे, ईथरनेटचा नव्हे. १९८८ मध्ये बॉग्ज, जेफ्री मोगल आणि ख्रिस्तोफर केंट यांनी प्रत्यक्ष मोजमापे करून दाखवले की मोठ्या फ्रेम वापरल्या तर भरपूर गर्दीतही केबलीची बहुतेक क्षमता कामी येते. ईथरनेटला मर्यादा होती ती वेगळी. एक केबल म्हणजे एका वेळी एकच वक्ता. संगणक दुप्पट झाले की प्रत्येकाचा वाटा निम्मा.

यावर उपाय म्हणजे एका केबलीच्या दोन करणे. पण मग इकडच्याने तिकडच्याशी बोलायचे कसे? दोन केबलींच्या मध्ये एक पेटी ठेवावी, तिने दोन्हीकडचे ऐकावे आणि गरज असेल तेवढेच पलीकडे न्यावे. डिजिटल कंपनीत मार्क केम्फ यांनी अशी पेटी, म्हणजे ब्रिज, १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तयार केली आणि १९८६ मध्ये ती ‘लॅनब्रिज १००’ या नावाने बाजारात आली.

आजच्या स्विचचे सारे शहाणपण या ब्रिजमध्ये आहे. गावात नवा पोस्टमन आला आहे आणि कोण कोणत्या आळीत राहते याची यादी त्याला कोणी दिलेली नाही, अशी कल्पना करू. तो एक युक्ती करतो. प्रत्येक आळीच्या पेटीतून पत्रे काढताना तो ‘प्रेषक’ या नावाखाली काय लिहिले आहे ते वाचतो आणि वहीत टिपतो: कुलकर्णी, वरची आळी, शेख, नदीकाठ. आता कुलकर्ण्यांना पत्र आले तर ते वरच्या आळीत न्यायचे हे त्याला ठाऊक झाले. वहीत नसलेल्या माणसाचे पत्र आले तर? मग त्याच्या प्रती काढून, जिथून पत्र आले ती सोडून बाकी सर्व आळ्यांत वाटायच्या. ज्याचे असेल तो घेईल, आणि उत्तर लिहील तेव्हा आपोआप वहीत येईल. पत्र पाठवणारा आणि घेणारा एकाच आळीतले असतील तर पोस्टमनने काहीच करायचे नाही. स्विचही असेच करतो. फ्रेममधील घेणाऱ्याच्या पत्त्यावरून तो पाठवतो आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून शिकतो. ज्याच्याकडून बराच वेळ, साधारणपणे पाच मिनिटे, काही आले नाही त्याचे नाव तो वहीतून खोडतो. म्हणूनच एखादा संगणक एका भोकातून काढून दुसऱ्यात खोचला तरी काही बिघडत नाही.

ही युक्ती चालायला एक अट आहे: गावात एकाच नावाची दोन माणसे असता कामा नयेत. झेरॉक्सच्या पहिल्या ईथरनेटमध्ये पत्ता अवघ्या ८ बिटांचा होता, म्हणजे २५६ पत्ते. १९८० च्या आराखड्यात तो एकदम ४८ बिटांचा केला गेला. म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी पत्ते, जगातील प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक वेगळा. त्या काळी हा उधळेपणा वाटावा असा आकडा होता. त्यामागचा विचार झेरॉक्समधील योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ च्या एका निबंधात सविस्तर मांडला. यंत्राची ओळख ते कोणत्या जाळ्यात आहे यावर अवलंबून नसावी, असे त्यांचे म्हणणे होते. दलाल हे पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी. तेव्हा ब्रिज बाजारात आलाही नव्हता. पण पत्ता जगात एकमेव नसता तर पोस्टमनची वही निरुपयोगी ठरली असती.

ब्रिजमध्ये एक गंभीर धोका दडलेला होता. दोन केबलींच्या मध्ये, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून, दोन ब्रिज लावले तर काय होईल? एक फ्रेम पहिला ब्रिज पलीकडे नेतो, दुसरा ती परत अलीकडे आणतो, पहिला पुन्हा नेतो. ईथरनेटची फ्रेम एका केबलीसाठी आखलेली असल्याने तिने किती टप्पे ओलांडले हे मोजण्याची सोय तिच्यात नाही. ती म्हातारी होत नाही, मरत नाही. उलट, दोनाहून जास्त फाटे असतील तर तिच्या प्रती वाढत जातात आणि क्षणार्धात सारे जाळे तुंबते.

हा प्रश्न डिजिटलमध्येच काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी सोडवला आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्येक ब्रिजला क्रमांक असतो. सर्वांनी आपापल्या माहितीतला सर्वात लहान क्रमांक शेजाऱ्यांना सांगत राहायचे. थोड्याच वेळात सर्वांचे एकमत होते की अमुक ब्रिज हा मूळ. मग प्रत्येकाने मुळाकडे जाणारा सर्वात जवळचा रस्ता चालू ठेवायचा आणि वर्तुळ पूर्ण करणारे बाकीचे रस्ते बंद करायचे, पण उखडायचे नाहीत. उरते ते झाड. आलेखशास्त्रात आपण शिकवतो की ‘न’ बिंदूंना जोडणाऱ्या झाडाला बरोबर ‘न – १’ कडा असतात आणि त्यात एकही वर्तुळ नसते. तेच हे झाड. चालू रस्ता तुटला की बंद ठेवलेला उघडतो. जुन्या पद्धतीत याला अर्धे-पाऊण मिनिट लागे. २००१ च्या सुधारणेनंतर काही क्षण पुरतात. प्रत्येक ब्रिजला फक्त शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येते, कोणीही मुख्य नाही, तरी सर्व मिळून एक झाड उभारतात. पर्लमन यांनी आपल्या निबंधाच्या सुरुवातीला या झाडावर एक छोटी कविताही छापली. त्या स्वतः मात्र ब्रिज हा तात्पुरता उपाय मानत. ‘ईथरनेट’ या नावातल्या ‘नेट’ने लोकांची दिशाभूल केली, ही फक्त एक जोडणी होती, असे त्या अनेकदा सांगत आल्या आहेत.

झाडाची आखणी बिघडली तर काय होते याचा दाखला नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयात मिळाला. तिथले जाळे वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्याने वाढले होते आणि ब्रिजांची साखळी नियमात धरलेल्या सात टप्प्यांपेक्षा लांब झाली होती. एका संशोधन प्रोग्रामने प्रचंड माहिती जाळ्यात सोडली, भार वाढला, ब्रिजांचे आपसातील निरोप पोचेनात, बंद ठेवायचे रस्ते उघडले आणि वर्तुळे तयार झाली. सुमारे चार दिवस रुग्णालयाला कागदावर काम करावे लागले. तपासण्यांचे अहवाल आणि औषधांच्या नोंदी माणसांनी हातात घेऊन पळवल्या. त्या पिढीतल्या तरुण डॉक्टरांनी कागदावर औषध लिहून देण्याची सवयच गमावली होती. शाळेतल्या साध्या स्विचमध्ये तर बहुधा हे झाडाचे गणित नसतेच. कोणी विद्यार्थ्याने मोकळी दिसलेली वायर त्याच स्विचच्या दुसऱ्या भोकात खोचली तर सगळे दिवे एकदम भराभर लुकलुकू लागतात आणि सारा कक्ष बंद पडतो. कंपनीच्या माणसाला बोलावण्याआधी दोन्ही टोके एकाच पेटीत गेलेली वायर शोधावी.

आता ब्रिजचा स्विच कसा झाला ते पाहू. १९९० मध्ये टेलिफोनसारख्या पिळलेल्या तारांवरून चालणाऱ्या ईथरनेटचा प्रमाणित आराखडा आला. माळेऐवजी प्रत्येक संगणकाची स्वतंत्र तार मधल्या पेटीकडे, म्हणजे हबकडे, जाऊ लागली. हब बिचारा काही शिकत नसे. एका तारेवर आलेले तो सर्व तारांवर ओतत असे. आकार ताऱ्याचा, पण स्वभाव जुन्या केबलीचाच. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील एका छोट्या कंपनीने सात पोर्टांची ‘ईथरस्विच’ नावाची पेटी विकायला काढली. कंपनीचे नाव होते ‘कल्पना’. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी ती स्थापन केली होती आणि भारद्वाज यांच्या पत्नीचे नाव तिला दिले होते. ही पेटी म्हणजे अनेक तोंडांचा ब्रिजच. पण एकाच वेळी अनेक जोड्यांना स्वतंत्रपणे बोलू देणारा. शिवाय ती पूर्ण फ्रेम येण्याची वाट पाहत नसे. घेणाऱ्याचा पत्ता सुरुवातीलाच असतो. तो वाचला की फ्रेम पुढे सोडायला सुरुवात. १० मेगाबिट वेगाने १,५१८ बाइटची सर्वात मोठी फ्रेम पूर्ण यायला सुमारे १.२ मिलिसेकंद लागतात, पत्ता मात्र बारा-एक मायक्रोसेकंदांत हाती येतो. तोटा असा की फ्रेम बरोबर आहे का हे तपासणारे अंक शेवटी असतात, त्यामुळे सदोष फ्रेमही पुढे जातात. पुढे चिप इतक्या वेगवान झाल्या की ही घाई अनावश्यक ठरली आणि आज शाळा-कचेऱ्यांतील बहुतेक स्विच फ्रेम पूर्ण घेऊन, तपासून मगच पाठवतात. कल्पना कंपनी १९९४ मध्ये सिस्कोने विकत घेतली. हबच्या जागी स्विच ठेवताना तारा बदलाव्या लागल्या नाहीत, संगणकही बदलावे लागले नाहीत. आमच्या मते स्विचच्या प्रसाराचे सर्वात मोठे कारण हेच.

दुसरे कारण वरच्या गणितात आहे. १९९५ मध्ये वेग १०० मेगाबिट झाला. ६४ बाइट पाठवायला आता ५.१२ मायक्रोसेकंदच लागतात, म्हणजे टक्कर कळण्यासाठी जाळ्याचा विस्तार सुमारे दोनशे मीटरवर आला. १९९८ च्या गिगाबिट ईथरनेटमध्ये तो वीस मीटर झाला असता. एका वर्गाबाहेर जाळे गेलेच नसते. पण स्विचच्या प्रत्येक तारेवर दोनच यंत्रे असतात, आणि जाण्या-येण्यासाठी वेगळे मार्ग दिले तर टक्कर व्हायला कोणी उरतच नाही. दोन्ही बाजूंनी एकदम बोलण्याच्या या पद्धतीला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. २००२ च्या १० गिगाबिटच्या आराखड्यात ‘आधी ऐका’चा नियमच उरला नाही. ज्या सामाईक माध्यमावरून ईथरनेट हे नाव पडले ते माध्यम नाहीसे झाले, नाव राहिले. पहिला ईथरही असाच गेला होता.

एक गर्दी मात्र स्विचनेही हटत नाही. काही निरोप सर्वांसाठीच असतात: ‘अमुक पत्ता कोणाचा आहे?’ अशी दवंडी स्विच प्रत्येक भोकातून बाहेर पाठवतो. हजार संगणक एका जाळ्यात असतील तर हजारांना प्रत्येक दवंडी ऐकावी लागते. यावरचा उपाय बेलकोरमधील डेव्हिड सिंकोस्की यांच्या १९८० च्या दशकातील कामातून निघाला. एकाच स्विचची तोंडे गटांत वाटायची, फ्रेमवर गटाची चिठ्ठी लावायची आणि एका गटाची दवंडी दुसऱ्या गटात जाऊ द्यायची नाही. १९९८ च्या प्रमाणात ही चिठ्ठी ४ बाइटांची आहे. त्यातले १२ बिट गटक्रमांकाचे, म्हणून वापरण्याजोगे गट ४,०९४. कार्यालयाचे संगणक एका गटात आणि विद्यार्थ्यांचे दुसऱ्यात ठेवायचे असतील तर स्विच विकत घेतानाच ही सोय आहे का हे विचारावे. सर्वात स्वस्त पेट्यांत ती नसते.

आणि ही सोय नसेल तर, स्विच प्रत्येकाचे प्रत्येकालाच देतो म्हणून गुणपत्रिका सुरक्षित आहेत, असे समजू नये. पोस्टमनची वही मर्यादित पानांची असते. कोणी हजारो खोट्या प्रेषकांच्या नावाने फ्रेम पाठवल्या तर वही भरून जाते आणि नव्या नावांची पत्रे सर्व आळ्यांत वाटली जाऊ लागतात. स्विचने तारा वेगळ्या केल्या त्या गर्दीसाठी, कुलपासाठी नव्हे. आज संकेतस्थळांवरील पासवर्ड सांकेतिक रूपात जातात म्हणून आमच्या प्रयोगशाळेतला तो जुना खेळ सहसा चालत नाही. त्याचे श्रेय स्विचचे नाही.

त्या पेटीतून निघालेली एक वायर आता बहुतेक शाळांत भिंतीवरच्या वाय-फाय यंत्राकडे जाते. तिथून पुढे तारा संपतात. एकाच कंप्रतेवर चाळीस मोबाइल बोलू पाहतात, बोलताना ऐकणे हवेत जमत नाही, म्हणून प्रत्येक फ्रेमची पोच मागावी लागते आणि ती न आल्यास यादृच्छिक वेळ थांबून पुन्हा पाठवावे लागते. हवाईच्या बेटांवर १९७१ मध्ये असेच चालत होते.